जपान आणि डेन्मार्क एकाच बेडरूममध्ये कसे नांदतात?

प्रश्न : आमच्या नव्या फ्लॅटमधली बेडरूम दहा बाय अकरा फुटांची आहे. इंटिरियरचे काम करणाऱ्यांनी ती 'जपांडी' पद्धतीने, म्हणजे जपानी आणि स्कँडिनेव्हियन शैलींचे मिश्रण करून सजवू या, असे सुचवले आहे. चित्रांत ही खोली फार छान दिसते. पण इतक्या लांबचे दोन प्रदेश एकत्र आले कसे? फिकट भिंती, बुटका पलंग आणि कागदी दिवा आणला की काम झाले का? आपल्या पावसाळ्यात हे सगळे टिकेल का? शिवाय सासूबाईंचा जुना सागवानी पलंग या शैलीत बसणार नाही, तो काढून टाका, असेही ते म्हणतात. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. हे दोन प्रदेश जवळ आले कसे, त्यांच्या मिश्रणात कोणाचे काय आहे आणि ते आपल्या हवेला मानवेल का. या तिन्ही क्रमाने सोडवल्या, की पलंगाचा निकाल आपोआप लागेल.

आधी ओळखीची गोष्ट. नकाशात जपान आणि डेन्मार्क यांच्यामध्ये जवळजवळ सगळा आशिया आणि अर्धा युरोप पसरलेला आहे. त्यामुळे ही जोडी कुणा फर्निचरवाल्याने परवा-परवा जमवली असावी, असे वाटणे साहजिक आहे. 'जपांडी' हे नाव खरोखरच अलीकडचे, गेल्या दहाएक वर्षांत रुळलेले आहे. ओळख मात्र दीडशे वर्षांहून जुनी आहे. दोन शतकांहून अधिक काळ परदेशी व्यापाराला जवळजवळ बंद असलेली जपानची दारे १८५४ साली अमेरिकेबरोबरच्या कराराने किलकिली झाली. १८६७ मध्ये डेन्मार्कशी आणि १८६८ मध्ये स्वीडन-नॉर्वेशी जपानचे करार झाले आणि जपानी चित्रे, भांडी, कापड उत्तर युरोपात पोहोचू लागले.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. कार्ल मॅडसेन या डॅनिश चित्रकाराने १८८५ मध्ये जपानी चित्रकलेवर डॅनिश भाषेत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी रॉयल कोपनहेगन या पोर्सेलिनच्या प्रसिद्ध कारखान्याच्या कलाविभागाची सूत्रे आर्नोल्ड क्रोग यांच्या हाती आली. युरोपीय भांड्यांवर तोवर नक्षीची दाटी असे. क्रोग यांनी जपानी चित्रांकडून एक गोष्ट उचलली : चित्र एका बाजूला आणि उरलेली जागा मोकळी. आज 'जपांडी' खोलीत पलंगाच्या वर एकच चित्र लावून बाकीची भिंत रिकामी ठेवतात, ती याच वळणाची पद्धत आहे.

देवाणघेवाण पुढे दोन्ही बाजूंनी सुरू राहिली. स्टॉकहोममध्ये १९३५ साली एक जपानी चहाघर उभे राहिले आणि तिथल्या लोकांना ही वास्तुरचना आत शिरून पाहता आली. फिनलंडचे वास्तुकार आल्वार आल्टो यांनी १९३९ मध्ये पुऱ्या केलेल्या व्हिला माइरेआ या घरात जपानी छटा स्पष्ट दिसतात. इकडे जपानमध्ये सोएत्सू यानागी हे विचारवंत शेतकऱ्यांची आणि कारागिरांची साधी भांडीकुंडी गोळा करून, यातच खरे सौंदर्य आहे, असे सांगत होते. त्यांनी १९२९ मध्ये स्टॉकहोमचे नॉर्डिक संग्रहालय पाहिले आणि १९३६ मध्ये तोक्योत लोककलेचे संग्रहालय सुरू केले. स्वीडनमध्ये एलेन के या लेखिकेने सर्वसामान्यांच्या घरातही सौंदर्य असले पाहिजे, हा विचार १८९९ मध्येच मांडला होता. म्हणजे दोन्हीकडे एकच ओढ होती : रोजच्या वापरातली वस्तू साधी, टिकाऊ आणि देखणी असावी.

आणखी एक साम्य आपल्याला अगदी जवळचे वाटेल. जपानमध्ये आणि स्कँडिनेव्हियातही लोक चपला-बूट दाराशी काढून घरात येतात. जमीन स्वच्छ राहते, त्यामुळे तिच्यावर अनवाणी चालता येते, बसता येते. बुटके फर्निचर आणि पायाला बरी वाटणारी लाकडी जमीन यांचे मूळ या सवयीत आहे.

ओळख पटली, आता दुसरी शंका. दोन्ही शैली म्हणजे 'फिकट रंग आणि थोडे सामान', असा सर्रास समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे, कारण उजेडाच्या बाबतीत हे दोन प्रदेश जवळजवळ उलट टोकांना आहेत. डिसेंबरात स्टॉकहोमला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. मिळेल तो उजेड खोलीत खेळता राहावा, म्हणून तिथे भिंती पांढऱ्या, पडदे पातळ आणि लाकूड बर्च, बीच, अॅश किंवा पाइनसारखे फिकट. जपानी पारंपरिक घराला पावसापासून आणि उन्हापासून वाचवणाऱ्या रुंद पागोळ्या असतात. त्यांच्यामुळे आत उजेड कमी येतो आणि त्या मंद छायेचीच तिथे आवड तयार झाली. जुनइचिरो तानिझाकी या कादंबरीकाराने १९३३ मध्ये अशा छायेच्या सौंदर्यावर एक अख्खा निबंध लिहिला. म्हणून जपानी खोलीत मातीच्या रंगाची भिंत, गडद लाकूड, नीळ आणि काळा हे रंगही हक्काने येतात.

एकाला उजेड हवा आणि दुसऱ्याला छाया, तर मग जमते कसे? दोघांनाही डोळ्यांवर येणारा झगझगाट नको असतो, म्हणून जमते. जपानी घरातल्या सरकत्या शोजी दारांना काचेऐवजी पातळ कागद लावलेला असतो. ऊन त्यातून गाळले जाऊन सगळ्या खोलीभर सारखे पसरते. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन यांचे बालपण रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात गेले होते. विजेच्या उघड्या बल्बची तिरीप त्यांना सहन होईना, म्हणून १९२५-२६ च्या सुमारास त्यांनी तीन छत्र्यांचा दिवा तयार केला. त्यात बल्ब कुठूनही डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो छत्र्यांवरून परतलेला उजेड. पुढे १९५१ मध्ये इसामू नोगुची यांनी जपानमधल्या गिफू या कंदिलांच्या गावी कागद आणि बांबूच्या काड्यांचे दिवे घडवायला सुरुवात केली. आज सगळीकडे मिळणारे कागदी गोल दिवे त्यांच्याच वाटेने आले आहेत.

या कारणमीमांसेतून तुमच्या खोलीसाठी पहिला नियम निघतो. आपल्याकडे उन्हाची टंचाई नाही, त्यामुळे स्वीडनसारख्या चकचकीत पांढऱ्या भिंती आपल्याकडे दुपारी डोळ्यांना त्रास देतात. रंग मॅट घ्या, आणि पांढऱ्याऐवजी साय, वाळू किंवा फिकट मातीकडे झुकणारा निवडा. खिडकीला पातळ सुती किंवा खादीचा पडदा लावा. तो शोजीचे काम करील. झोपेसाठी अंधार हवा असेल, तर त्याच्या आत दुसरा जाड पडदा ठेवा. फॉल्स सीलिंगमध्ये रांगेने बसवलेले स्पॉटलाइट या शैलीच्या मुळावरच येतात, कारण पलंगावर आडवे झाल्यावर ते थेट डोळ्यांत शिरतात. त्याऐवजी उशाशी दोन झाकलेले दिवे आणि एक कागदी दिवा पुरे. बल्ब २७०० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर घ्या. आपल्या घरांतली नेहमीची पांढरीशुभ्र ट्यूब बहुधा ६५०० केल्व्हिनची असते. ती झाडलोटीसाठी आणि कपडे निवडण्यासाठी राहू द्या, झोपायच्या आधी मालवा.

आता जागेचा प्रश्न. इथे तुमच्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. जपानमध्ये खोली तातामी चटयांवर मोजतात. एक चटई साधारण ९१ सेंटिमीटर रुंद आणि १८२ सेंटिमीटर लांब असते. गावोगावी माप थोडे बदलते. सहा चटयांची खोली तिथे अगदी नेहमीची, आणि तिचे क्षेत्रफळ होते सुमारे १० चौरस मीटर. तुमची दहा बाय अकरा फुटांची खोलीही तेवढीच आहे. म्हणजे खोली लहान आहे म्हणून ही शैली जमणार नाही, ही भीती मनातून काढून टाका. ही शैली अशाच खोल्यांत वाढलेली आहे.

मग जपानी खोली मोठी का भासते? तिथे सकाळी उठल्यावर फुतोन, म्हणजे आपल्या भाषेत गादी, घडी करून ओशिइरे नावाच्या भिंतीतल्या खोल कपाटात ठेवतात. रात्रीची झोपायची खोली दिवसा बसायची होते. रिकामी जमीन चित्रांत दिसते. कपाट दिसत नाही, कारण त्याची सरकती दारे भिंतीसारखीच असतात. इथेच आपल्याकडे गफलत होते. लोक बॉक्स पलंग काढून बुटका पलंग आणतात, पण बॉक्समधल्या जादा गाद्या, रजया आणि बॅगा कुठे जाणार, याचा विचार करत नाहीत. महिन्याभरात त्या खोलीच्या कोपऱ्यात येऊन बसतात. म्हणून आधी एक अख्खी भिंत छतापर्यंत कपाटाला द्या, दारे भिंतीच्याच रंगाची आणि शक्यतो सरकती ठेवा, आणि मगच पलंगाचा विचार करा. तेवढे कपाट करणे शक्य नसेल, तर बॉक्स पलंग ठेवलेला बरा. सामान नजरेआड राहणे हे पलंगाच्या उंचीपेक्षा महत्त्वाचे आहे.

बुटक्या पलंगाबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेकांना वाटते, की गादी थेट फरशीवर टाकली म्हणजे जपानी पद्धत झाली. जपानी गादी तातामीवर असते. तातामीचे वरचे आवरण लव्हाळ्याचे आणि आतला गाभा परंपरेने भाताच्या पेंढ्याचा. ती अंगातून झिरपणारा दमटपणा शोषून घेते. तरीही तिथे गादी रोज उचलतात आणि उन्हाच्या दिवशी बाल्कनीत टाकून वाळवतात, कारण जपानचा उन्हाळा कमालीचा दमट असतो. व्हिट्रिफाइड टाइल पाण्याचा थेंबही शोषत नाही. तिच्यावर गादी महिनोन्महिने पडून राहिली, तर दमटपणा खालच्या बाजूला साचतो आणि पावसाळ्यात तिथे काळी बुरशी धरते. कोकणात आणि मुंबईत तर हे हमखास होते.

यावर जपानमध्येच उपाय आहे. गादीखाली फटी ठेवून जोडलेल्या लाकडी पट्ट्यांची जाळी घालतात, म्हणजे खालून वारा खेळतो. तुमच्या सुताराकडून पलंगाला सलग प्लायवूडऐवजी अशा पट्ट्या बसवून घ्या. उंची ठरवताना दोन गोष्टी पाहा : खालून झाडू आणि पोछा सहज फिरला पाहिजे, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला हात न टेकता उठता आले पाहिजे. गुडघे दुखत असतील, तर नेहमीची दीड फुटाची उंचीच योग्य. नाहीतरी डेन्मार्कमध्ये लोक नेहमीच्या उंचीच्या पलंगावरच झोपतात, त्यामुळे शैलीला काही उणेपणा येत नाही.

कापडाच्या बाबतीत मात्र स्कँडिनेव्हियाचे सगळे ऐकू नका. लोकरीच्या जाड गालिचांचा आणि मेंढीच्या कातड्यांचा उपयोग थंडीत ऊब राखण्याचा. आपल्याकडे ते धूळ धरतात आणि पावसाळ्यात कुबट होतात. त्यांच्या ज्या गोष्टी आपल्याला सोयीच्या, त्या घ्या. स्वीडनमध्ये जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून, त्या पट्ट्यांच्या लांबट सतरंज्या विणायची परंपरा आहे. हलकी, घरी धुता येणारी सुती सतरंजी आपल्या जमिनीला तशीच शोभते. दुसरी गोष्ट, तिथे नवरा-बायको एका पलंगावर दोन वेगळी पांघरुणे घेतात. एकाला पंखा पाचवर हवा आणि दुसऱ्याला थंडी वाजते, अशा घरांत ही सवय फार उपयोगी आहे.

पलंगावर काय अंथरायचे, याचे उत्तर तर घरातच असेल. जपानच्या उत्तरेला आओमोरीच्या थंड भागात कापूस पिकत नसे. त्यामुळे तिथले गरीब शेतकरी कापडाचा तुकडासुद्धा वाया घालवत नसत. थरावर थर ठेवून, धावदोऱ्याने शिवून त्यांची पांघरुणे आणि कपडे करत. त्यांना बोरो म्हणतात आणि आज ती संग्रहालयांत मांडली जातात. आपल्या गोधडीचा जन्म याच गरजेतून आणि याच टाक्यातून झाला आहे. जुन्या सुती साड्यांची, मऊ पडलेली, उतरलेल्या रंगांची गोधडी साध्या चादरीवर पायथ्याशी घडी करून ठेवा. बाजारातली कुठलीही महागडी 'जपांडी' चादर तिच्याइतकी या विचाराशी प्रामाणिक नसेल.

आता तुमच्या पलंगाकडे येऊ. सागवान म्हणजे जुनाट आणि फिकट लाकूड म्हणजे स्कँडिनेव्हियन, ही समजूत इतिहासाला धरून नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन दशके डॅनिश फर्निचरची जगभर ख्याती झाली, तेव्हा त्या कारखान्यांचे आवडते लाकूड सागवान होते. आग्नेय आशियातून ते जहाजांनी डेन्मार्कला जाई. फिन युल आणि हान्स वेग्नर यांच्या गाजलेल्या कित्येक खुर्च्या सागवानात घडल्या आहेत. हेच वेग्नर चिनी खुर्च्यांचा अभ्यास करत करत १९४९ मध्ये पाठीला वाय आकाराचा आधार असलेल्या खुर्चीपर्यंत पोहोचले, आणि ती खुर्ची जपानमध्ये आजही अतिशय लोकप्रिय आहे. तेव्हा सागवानाला या शैलीत नव्याने प्रवेश मागावा लागत नाही.

फरक लाकडात नसून त्याच्या पॉलिशमध्ये आहे. जपानी सुतार रंध्याने लाकूड इतके गुळगुळीत करतो, की त्यावर पुष्कळदा काहीच लावावे लागत नाही. डेन्मार्कमध्ये लाकूड साबणाच्या पाण्याने पुसून त्याचा मूळ रंग राखतात. दोन्हीकडे पृष्ठभाग चमकत नाही आणि रेषा दिसत राहतात. तुमच्या पलंगावर बहुधा लालसर, चकचकीत पॉलिशचे थर असतील. ते घासून काढून घ्या आणि त्याजागी तेल किंवा मॅट पॉलिश द्या. कोरे, काहीही न लावलेले लाकूड मात्र आपल्याकडे ठेवू नका. पावसाळ्यात ते फुगते आणि डाग धरते. नवा पाइनचा पलंग घेण्यापेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे, कारण वाळवीसमोर पाइन टिकत नाही आणि जुने सागवान तिला सहज दाद देत नाही. उशाकडची नक्षीदार फळी खोलीला जड वाटली, तर सुतार ती उतरवून देईल. ती जपून ठेवा. पलंगाचा गडद रंग फिकट भिंतीपुढे उठून दिसेल आणि जपानी बाजूला हवी असलेली गडद छटा वेगळी आणावी लागणार नाही.

शोभेच्या वस्तूंबद्दल थोडक्यात सांगतो. पारंपरिक जपानी घरातल्या मुख्य खोलीत तोकोनोमा नावाचा एक कोनाडा असतो. त्यात एक चित्र, एक फुलांची रचना, आणि ऋतू बदलला की दोन्ही बदलतात. बाकीची चित्रे कपाटात असतात. तुम्हीही एक जागा ठरवा आणि तिथे एकाच वेळी एकच वस्तू मांडा. उरलेल्या वस्तू फेकायच्या नाहीत. त्यांची पाळी येईल. बुद्धाची मूर्ती, बांबूचे रोप आणि जपानी अक्षरांचे फलक एकदम आणून ठेवले, की खोली दुकानासारखी दिसू लागते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण खर्च त्यावरच ठरतो. आधी खोलीतले नको ते बाहेर काढा आणि उरलेल्याला कपाट द्या. मग दिवे आणि पडदे बदला. सगळ्यांत कमी पैशांत सगळ्यांत मोठा फरक इथे पडतो. त्यानंतर भिंतीचा रंग, मग पलंगाचे पॉलिश आणि पट्ट्या. सतरंजी, फुलदाणी वगैरे शेवटी, आणि तेव्हाही गरज वाटली तरच.

म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे : जपानकडून मोकळी जागा आणि खेळती हवा घ्या, स्कँडिनेव्हियाकडून झाकलेला दिवा आणि नीट घडवलेले लाकूड घ्या, आणि जे फक्त थंडीसाठी आहे ते त्यांच्याकडेच राहू द्या. दोन्ही प्रदेशांतल्या कारागिरांनी टिकाऊ वस्तूला मान दिला आहे. तिला घराबाहेर काढून नवी फिकट वस्तू आणणे, हे त्यांच्या शिकवणीच्या अगदी उलट होईल. सासूबाईंचा पलंग विकू नका. सुताराला बोलावून त्याचे पॉलिश तेवढे उतरवून घ्या.